किरकोळ दुखापत

मे महिन्यात आमच्या घरात कुणी नीट बोलत नाही, सगळे शिंकतात. पत्र्यावर, ओट्यावर, शेजारच्या दर्शनाच्या गच्चीवर, जागा मिळेल तिथे माझी मिरची वाळत असते. बॉटल मसाल्याचा सिझन. वर्षभराचा मसाला या एका महिन्यात होतो. मरोळ गावठाणातली निम्मी घरं माझ्याकडून नेतात, टॉवरमध्ये राहायला गेलेले आमचेच लोक गाडी घेऊन येतात. मिरची, धने, तीळ, खसखस, हळकुंड, सगळं वेगवेगळं उन्हात घालायचं, वेगवेगळं भाजायचं, मग कांडायचं, चाळायचं आणि बिअरच्या काळपट बाटल्यांत काठीनं दाबून दाबून भरायचं. दाबलं नाही तर आत हवा राहते आणि मसाल्याचा वास उडतो. हातांची नुसती आग होत असते, डोळा चोळायची सोय नाही. अशा दिवसांत माझ्या वाटेला जायचं नाही, हे घरातल्या मांजराला कळतं. इसिडोरला कळत नाही.

इसिडोर म्हणजे माझा नवरा. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपात टर्नर होता. वर्कशॉप बंद पडलं आणि हा पत्रकार झाला. हसू नका, खरंच झाला. अंधेरीहून ‘उपनगरची हाक’ नावाचं साप्ताहिक निघतं, नंदकिशोर नावाचे एक गृहस्थ काढतात. त्यात शेवटच्या पानावर ‘मैदानावरून’ म्हणून सदर येतं, ते आमचा इसिडोर लिहितो. फुटबॉल, कॅरम, रस्सीखेच, जे काय आसपास खेळतील ते.

त्याच्या लिहिण्याची रीत एकच. मरोळ कधी हरत नाही. तीन गोल खाल्ले तर लिहिणार, ‘मैदानाचा उतार मरोळच्या विरोधात होता.’ मी म्हटलं, अरे, हाफटाइमला बाजू बदलतात ना? मग उतार पण बदलला असेल. तर म्हणतो, ‘दुसऱ्या हाफला ऊन डोळ्यांवर होतं.’ पेनल्टी हुकली तर वारा आला. रेफरी कुर्ल्याचा असला तरी त्याची बायको कांदिवलीची. कांदिवलीशी तर आमचं जुनं हाडवैर, दर मे महिन्यात गावच्या फुटबॉल कपात गाठ पडायचीच.

रविवारी सकाळची मिसा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटली की लोक देवळातून निघून गावातल्या क्रुसापाशी थांबतात. तिथे ओट्यावर चढून पास्कू ‘मैदानावरून’ मोठ्यानं वाचतो. पास्कू म्हणजे आमच्या टीमचा मॅनेजर, आवाज असा की डोक्यावरून जाणारं विमानसुद्धा दबतं. तो सूर लावून वाचतो, मध्ये मध्ये थांबतो, लोक हसतात, टाळ्या वाजवतात. वारा, उतार, रेफरीची बायको, सगळं सगळ्यांना ठाऊक असतं. तरी हवं असतं. जमीन गेली, विहिरी बुजल्या, चारही बाजूंनी टॉवर उठले, निदान कागदावर तरी गाव जिंकू दे, असं असेल काहीतरी. वाचून झालं की सगळे इसिडोरकडे वळतात आणि तो आपली पांढरी टोपी दोन बोटांनी उचलतो, एखादा मोठा साहेब असल्यासारखा. मला त्या टोपीचा राग यायचा. खोटं कशाला बोलू, थोडी मजापण वाटायची.

आमचा डेल्रॉय याच गावच्या टीममधून खेळायचा. पुढे, गोल मारायला. पोरगा लहानपणापासून पायानंच विचार करणारा, पुस्तक उघडलं की झोप. कुरियरच्या गोदामात तात्पुरता लागला होता, आज काम आहे, उद्या नाही. एका बँकेच्या टीमची ट्रायल जूनच्या शेवटी होती. खेळाडूंच्या कोट्यातली जागा, पर्मनंट, पेन्शन. बँकेच्या कोचनं त्याला दोनदा खेळताना पाहिलं होतं आणि फोन करून सांगितलं होतं, ‘ये, तुझं जमेल.’ वयाच्या अटीमुळे त्याला हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी कितीही भारी खेळला तरी दार बंद. माझी मोठी टिना सीप्झमध्ये कामाला आहे, तिचं मार्गी लागलं होतं. याचंच लागायचं होतं. मी क्रुसापाशी मेणबत्ती लावली ती त्या ट्रायलसाठी. गावच्या कपाशी मला काही घेणंदेणं नव्हतं.

आणि सेमीफायनलला त्याचा गुडघा गेला.

मी तिथेच होते, लिंबाच्या सरबताचं भांडं घेऊन. कुणी धक्का दिला नाही, कुणी आडवा पाय घातला नाही. बॉल घेऊन एकटाच वळला, पाय जमिनीत रुतल्यासारखा राहिला आणि अंग फिरलं. खाली बसला. दोन्ही हातांनी गुडघा धरून बसला आणि तोंड उघडून माझ्याकडे बघत राहिला, आवाज नाही. आमच्या ग्राऊंडची माती मे महिन्यात सिमेंटसारखी होते, कितीही टँकर मारा. दोन पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन बाहेर आणला. थोडा वेळ बसला आणि म्हणाला, ‘ममी, काही नाही, मुरगळला.’ तोवर आपण दोन-एकनं पुढे होतो, तसेच जिंकलो. लोक नाचायला लागले, याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

संध्याकाळपर्यंत गुडघा पपईएवढा झाला. मी आणि इसिडोर त्याला रिक्षात घालून डॉक्टर स्वरदाकडे नेला. पोरीसारखी दिसते, पण हाडांची मोठी डॉक्टर. तिनं त्याला आडवं झोपवलं, पाय वाकवला, नडगी पुढे ओढून बघितली. डेल्रॉयनं पलंगाची कड धरली.

‘लिगामेंट आहे,’ ती म्हणाली. ‘एमआरआय काढा, मग नक्की कळेल. मला वाटतं पूर्ण तुटलेलं नाही. पट्टा बांधून ठेवायचा. धावायचं नाही, उडी नाही, वळणं तर अजिबात नाही. जपलं तर जुळून येईल.’

‘जूनच्या शेवटी ट्रायल आहे,’ मी म्हटलं.

‘जपलं तर बघू. पण पुन्हा एकदा असा वळला ना, तर राहिलेलं पण जाईल. मग खेळ विसरायचा. कळलं ना काका?’

हे तिनं इसिडोरकडे बघून विचारलं. इसिडोरनं टोपी काढून हातात घेतली आणि ‘हो डॉक्टर’ म्हणाला. त्याला कळलं नव्हतं असं मला कुणी सांगू नये. मी त्याच्या शेजारी उभी होते.

एमआरआयची तारीख पालिकेच्या हॉस्पिटलात मिळाली, ती फायनलच्या दुसऱ्या दिवशीची.

सेमीफायनलच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओट्यावर मिरचीचे देठ खुडत बसले होते. डेल्रॉय आत पाय उशीवर ठेवून पडला होता. इसिडोर दारात खुर्ची टाकून लिहीत होता. तो आधी कागदावर लिहितो, मग फोटो काढून नंदकिशोरना पाठवतो. लिहिताना ओठ हलतात त्याचे, त्यामुळे काय चाललंय ते मला न बघता कळतं.

‘काय लिहितोस?’

‘सेमीफायनल.’

‘गुडघ्याचं लिहिलंस?’

त्यानं कागद मांडीवर उलटा केला. मी उठले, मिरचीच्या हातानंच कागद ओढून घेतला. लिहिलं होतं, ‘मरोळचा वाघ डेल्रॉय याला किरकोळ दुखापत झाली असून फायनलला तो उतरणार, हे नक्की. कांदिवलीने आतापासूनच देवाचा धावा करावा.’

‘तुझं डोकं फिरलंय काय रे?’

‘अगं, ऐक तर. कांदिवलीवाले पण पेपर वाचतात. डेल्रॉय नाही असं कळलं तर त्यांचे मागचे दोघं मोकळे होतील, पुढे येतील, आपली वाट लागेल. हा येणार असं वाटलं तर दोघं मागेच बसणार. हा नुसता किट घालून बेंचवर बसेल. खेळायचं नाहीच आहे.’

‘आणि गावाला कोण सांगणार?’

‘गावाला फायनल झाल्यावर कळेल.’

‘पास्कूला?’

‘पास्कूला कसं सांगू? त्याची बहीण कांदिवलीला दिलीय. एका फोनमध्ये सगळं तिकडे.’

आतून डेल्रॉय हसला. ‘ममी, पप्पा बॉल न मारता फुटबॉल खेळतो. करू दे ना. मी बेंचवर बसीन, त्यात काय!’

बापलेक दोघं एक झाले की माझं काय चालणार? तेवढ्यात नंदकिशोरांचाच फोन आला. फोन स्पीकरवर होता. ‘इसिडोर, पोरगा खेळणार ना नक्की? मग हेच वर मोठ्या अक्षरात घेतो.’ इसिडोर माझ्याकडे बघत म्हणाला, ‘घ्या, घ्या.’

शुक्रवारी पेपर आला. मोठ्या अक्षरात आलं, वर डेल्रॉयचा फोटो. दुपारपर्यंत तो फोटो गावठाणाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सतरा जणांनी टाकला, खाली वाघांची चित्रं.

मग सुरू झाला तमाशा. पट्टा दिसला तर लोक विचारतील, म्हणून इसिडोरनं त्याला फुलपँट घालायला लावली, त्या उन्हात. लंगडायचं नाही. पाणी आणायला, दुकानात, कुठेही गेला तरी सरळ चालायचं, कारण कुणाचा कोण कांदिवलीला आहे काय माहीत. दारातून बाहेर पडताना पोरगा मान ताठ करायचा, दात आवळायचा आणि चालायला लागायचा. परत आला की उंबरठ्याच्या आत पाऊल पडल्याबरोबर भिंत धरायचा. मी कढईत धने भाजत असायची, धुरातून बघायची. ‘नको जाऊस रे बाहेर,’ मी म्हणायची. तो म्हणायचा, ‘नाही गेलो तर लोक घरी येतील.’

आलेच. बायका तेल घेऊन आल्या, कुणी वसईहून आणलेला लेप घेऊन आलं. रविवारी पास्कूनं क्रुसापाशी वाचलं, ‘किरकोळ दुखापत’ म्हणताना त्यानं नाकानं फुस्स केलं आणि लोक खदखदून हसले. इसिडोरची टोपी उचलली गेली. म्हातारे म्हातारे लोक पुढे येऊन पोराच्या गुडघ्यावर थापट्या मारायला लागले. ‘काय रे वाघा, किरकोळ ना?’ डेल्रॉय हसत म्हणत होता, ‘किरकोळ, अंकल, एकदम किरकोळ.’ त्याच्या कपाळावर घाम होता आणि बाकी कुणाच्या नव्हता, कारण आम्ही सगळे झाडाखाली उभे होतो.

संध्याकाळी क्रुसाची प्रार्थना झाली. मे महिन्यात आमच्याकडे रोज असते, प्रार्थना झाली की उकडलेले चणे वाटतात. कुणीतरी मोठ्यानं मागणं मागितलं, ‘आपल्या डेल्रॉयला फायनलला गोल मिळू देत.’ सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीपण म्हटलं की काय ते आठवत नाही. चणे हातात तसेच राहिले.

मी इसिडोरला म्हटलं, ‘तू आज पास्कूला सांगून टाक. बास झालं.’

‘फायनलपर्यंत दम धर ना यार,’ तो म्हणाला. ‘बघ, कांदिवलीवाले घाबरलेत. त्यांचा मॅनेजर सम्यक फोन करून विचारत होता, खरंच खेळणार काय म्हणून.’ त्याच्या डोळ्यांत चमक होती. वर्कशॉप बंद झाल्यापासून मी ती पाहिली नव्हती. त्या चमकेला मी बळी पडले असं नाही. मी भांडले. पण रात्रंदिवस भांडायला माझ्याकडे वेळ नव्हता, मिरची तडकत होती, कांडायला बायका यायच्या होत्या.

फायनलच्या दिवशी दुपारी मी भाजलेला सगळा माल दर्शनावर टाकून ग्राऊंडवर गेले. पताका लावलेल्या, टँकरनं पाणी मारून माती लाल झालेली, त्यावरून वाफ निघत होती. विमानं इतकी खाली येत होती की पताका हलायच्या. कांदिवलीहून टेम्पो भरून माणसं आली होती. इसिडोर टेबलापाशी बसला होता, समोर कागद आणि हातात माईक. कॉमेंट्री पण तोच करतो.

डेल्रॉय किट घालून बेंचवर बसला होता; ‘आधी त्याला बसवून ठेव’ एवढंच इसिडोरनं पास्कूला सांगितलं होतं. पट्ट्यावरून लांब मोजा ओढला होता.

आणि खरं सांगते, इसिडोरची युक्ती चालली. कांदिवलीचे दोन धिप्पाड पोरगे मागून हललेच नाहीत. सारखे बेंचकडे बघायचे. सात-सात जणांचा खेळ, त्यातले दोन मागे अडकले म्हणजे काय! हाफटाइमपर्यंत शून्य-शून्य. इसिडोर टेबलावरून माझ्याकडे बघून हसला. मीपण हसले असेन. मला वाटलं, चला, सुटलो, अजून एक हाफ.

दुसऱ्या हाफला त्यांचा एक लांबून मारलेला बॉल आमच्याच पोराच्या पाठीला लागून आत गेला. कांदिवलीवाले नाचले. आमच्याकडच्या बायकांनी कपाळावर हात मारला. मग मागून कुणीतरी सुरू केलं, ‘डेल-रॉय! डेल-रॉय!’ आणि सगळं ग्राऊंड ओरडायला लागलं. बायका, पोरं, देवळात घंटा वाजवणारा भगत, सगळे. टॉवरच्या गॅलऱ्यांतून लोक ओरडायला लागले, ज्यांना आमचं नावसुद्धा माहीत नाही.

पास्कू बेंचपाशी धावत आला. ‘ऊठ रे! वाट कसली बघतोस? मी म्हटलं बापानं काहीतरी डाव ठेवलाय शेवटासाठी. हाच ना डाव? ऊठ!’

डेल्रॉयनं त्याच्याकडे बघितलं नाही. त्यानं टेबलाकडे बघितलं, बापाकडे.

मी या टोकाला होते. मी ओरडले, ‘नाही! त्याला नाही खेळायचं!’ नेमकं तेव्हा डोक्यावरून विमान गेलं. मी भांडं टाकून पळत सुटले, माणसं ढकलत. इसिडोरच्या हातात माईक होता. सगळ्या ग्राऊंडवर एकट्या त्याचाच आवाज पोचणार होता. नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी पोरगा बसला असता, इतका तो बापाच्या तोंडाकडे बघत होता.

इसिडोरनं माईक तोंडाशी नेला. मला वाटलं आता बोलतो.

‘आणि आता मैदानात उतरतोय,’ तो म्हणाला, ‘मरोळचा वाघ!’

ते त्याच्या तोंडून कसं आलं, मी त्याला पुढे शंभरदा विचारलं. तो म्हणतो, मला नाही माहीत. मला माहीत आहे. आयुष्यभर त्या जागी आला की त्याला दुसरं वाक्यच येत नाही.

डेल्रॉय उठला. उठताना हसला, हात वर केला. गेला आत. एकदा बॉल त्याच्याकडे आला, त्यानं सोडून दिला. लोकांनी ‘अरे’ केलं. दुसऱ्यांदा आला, तेव्हा समोर एकच पोरगा होता आणि त्याच्यामागे गोल. तो डावीकडे वळला. यावेळी मात्र आवाज आला, ओली फांदी मोडावी तसा, मी टेबलापर्यंत पोचले होते, मला स्पष्ट ऐकू आला. तो पडला तेव्हा पाय गुडघ्याखाली भलतीकडे गेला होता. तो ‘ममी’ म्हणून ओरडला. बावीस वर्षांचा पोरगा, सगळ्या गावासमोर.

त्याला उचलायला पहिला धावला तो कांदिवलीचा मॅनेजर, सम्यक. रिक्षापर्यंत त्याचा पाय त्यानंच दोन्ही हातांवर धरला. रिक्षात ठेवताना मला म्हणाला, ‘आंटी, पेपरमध्ये तर किरकोळ लिहिलं होतं ना.’ तो टोमणा मारत नव्हता. खरंच विचारत होता. मी रिक्षावाल्याला चल म्हटलं.

आम्ही हरलो. कितीनं ते मला विचारू नका.

डॉक्टर स्वरदानं एमआरआय दिव्यासमोर धरला. मग म्हणाली, ‘मी सांगितलं होतं ना.’ लिगामेंट सगळं तुटलं होतं, आतली गादीपण फाटली होती. ऑपरेशन होईल, चालेल, कामाला जाईल, जिने चढेल. फुटबॉल नाही. डेल्रॉयनं विचारलं, ‘एक वर्ष थांबलो तर?’ ती म्हणाली, ‘खेळायचं म्हणून नाही, बाळा. कधीच नाही.’ इसिडोर दाराबाहेर उभा होता. आत आलाच नाही.

बँकेच्या कोचला टिनानं फोन केला. माणूस चांगला होता, हळहळला. पण वयाची अट त्याच्या हातात नव्हती. डेल्रॉय भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जेवण ताटात सुकायचं. मला काय करावं सुचेना तेव्हा मी मसाला भरत बसायची. काठीनं दाबायची, दाबायची. एक बाटली माझ्या हातात फुटली, तळहात चिरला, त्यात मसाला गेला. बरं वाटलं मला. निदान कशाची आग होते ते कळत होतं.

इसिडोर मला म्हणाला, ‘तू बोल ना काहीतरी. शिव्या तरी दे.’

मी म्हटलं, ‘तू लिहितोस ना? मग लिही. जे झालं ते लिही.’

तो दोन दिवस लिहीत होता. दारातल्या त्याच खुर्चीत. ओठ हलत होते, कागद फाडत होता. शेवटी त्यानं मला वाचून दाखवलं. चष्मा सारखा पुसत होता. मी तुम्हाला सांगते, त्या माणसानं एवढ्या वर्षांत पहिल्यांदा खरं लिहिलं होतं. कांदिवली चांगली खेळली म्हणून जिंकली, असं लिहिलं. माझ्या मुलाचा गुडघा सेमीफायनललाच दुखावला होता, ते मी लपवलं, असं लिहिलं. डॉक्टर नको म्हणाली होती, तरी मी त्याला माईकवरून बोलावलं, असं लिहिलं. आणि शेवटी, ‘डेल्रॉय आता पुन्हा कधीही खेळू शकणार नाही. दोष माझा आहे.’ मी त्याला चहा करून दिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

नंदकिशोरांनी एक अक्षर न बदलता छापलं. मला वाटलं, आता तरी लोकांना कळेल. कुणी तरी येईल, पोराशेजारी दोन मिनिटं बसेल. लोक वाईट नाहीत आमचे. फक्त त्यांना कळायला हवं.

रविवारी डेल्रॉय स्वतःहून म्हणाला, मी पण येतो. कुबड्या घेऊन आला, या वेळी पट्टा पँटवरून बांधलेला, सगळ्यांना दिसेल असा. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं. मिसा सुटली. पास्कू क्रुसाच्या ओट्यावर चढला, घसा साफ केला आणि वाचायला लागला, त्याच्या नेहमीच्या सुरात. त्याला दुसरा सूर येतच नाही.

‘कांदिवली चांगली खेळली, म्हणून जिंकली,’ पास्कूनं वाचलं आणि सवयीनं थांबला.

आधी कुणाला कळेना. मग एक म्हातारा हसला. आणि सगळे जे हसायला लागले! असलं इसिडोरनं कधी लिहिलंच नव्हतं. ‘अरे बापरे, उतार कुठे गेला? वारा कुठे गेला?’ लोकांनी टाळ्या पिटल्या. पास्कूला चेव आला. गुडघ्याचं वाचलं, लपवल्याचं वाचलं, प्रत्येक वाक्याला थांबून. ‘डेल्रॉय आता पुन्हा कधीही खेळू शकणार नाही,’ असं त्यानं छातीवर हात ठेवून रडक्या आवाजात वाचलं, तशी मागून शिट्टी आली.

‘समजलं, समजलं!’ कुणीतरी ओरडलं. ‘पुढच्या मेपर्यंत कांदिवलीला झोपवायचं!’

‘मागच्या वेळी किरकोळ म्हणून फसवलं, या वेळी खलास म्हणून!’ पास्कू म्हणाला. ‘काय डोकं आहे इसिडोरचं! बहिणीला आजच फोन करतो, सांगतो पोरगा कायमचा गेला.’ त्यानं खिशातून मोबाइल काढून वर धरला. ‘हे बघा, सम्यकचा मेसेज पण आलाय. म्हणतो, अंकलना सांगा, या वेळी आम्ही नाही फसणार.’

डेल्रॉय कुबड्यांवर पुढे सरकला. ‘पास्कू अंकल, खरं आहे ते. डॉक्टरनं सांगितलंय.’

पास्कूनं त्याला डोळा मारला. ‘हो रे, खरंच आहे. आम्ही पण सगळ्यांना हेच सांगणार. तू फक्त ऑपरेशन करून घे, पोरं असल्या ऑपरेशननंतर घोड्यासारखी पळतात.’ आणि ओट्यावरून वाकून त्यानं पोराच्या खांद्यावर अशी थाप मारली की त्याची एक कुबडी घसरली. मी धरला म्हणून पडला नाही.

मग सगळे इसिडोरकडे वळले. टाळ्या वाढल्या. तो माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. तोंड पांढरंफटक, ओठ हलत होते, ‘नाही, नाही’ म्हणत असावा, ऐकू काही येत नव्हतं. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याचा हात वर गेला, दोन बोटांनी टोपी धरली आणि उचलली. लोकांनी जल्लोष केला. त्यानं घाईनं हात खाली घेतला, टोपीकडे असा बघत राहिला जसं काही ती दुसऱ्या कुणाची आहे. पण डेल्रॉयनं पाहिलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं तेव्हा तो बापाकडेच बघत होता. चेहऱ्यावर राग नव्हता. त्याची मला जास्त भीती वाटली.

‘ममी,’ तो म्हणाला, ‘चल घरी. मिरची वर तशीच आहे ना.’

मी त्याची घसरलेली कुबडी नीट करून दिली. आमच्या गल्लीपर्यंत चढ आहे, त्याला खूप वेळ लागला. दर थोड्या अंतरावर थांबत होता. मागे क्रुसापाशी पास्कू ते पुन्हा पहिल्यापासून वाचत होता, उशिरा मिसेहून आलेल्या लोकांसाठी.